पुरुषांच्या बॅगा आणि पाकिटं: गोव्याच्या हवेत काय टिकतं, काय सोलतं

कुळागर (धागालेखक)

चामड्याच्या वस्तूंबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ऐंशी-नव्वद टक्के ओलावा, उरलेल्या महिन्यांत दर्याकडून खारा वारा, आणि एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत भट्टी. अशा ठिकाणी बॅग झिजायच्या आधीच बुरसते, गंजते किंवा सोलते. त्यामुळे निवडीचे निकषही वेगळे लागतात. बॅगा, पाकिटं, पट्टे यांची नेमकी माहिती इथे एकत्र करू. ‘मी कसा फसलो’ छापाच्या कहाण्या नकोत, ब्रँडची भांडणंही नकोत.

सुरुवात रेक्झिनपासून, कारण दुकानात सर्वांत जास्त तेच असतं. आता त्याला ‘पीयू लेदर’, ‘व्हीगन लेदर’, ‘लेदरेट’ अशी नावं आहेत. रचना एकच: खाली विणलेलं किंवा दाबलेलं कापड, वर पॉलियुरेथेनचा पातळ थर, त्यावर चामड्याच्या दाण्यांचा ठसा. स्वस्त मालात हे पॉलियुरेथेन पॉलिएस्टर जातीचं असतं, आणि दमट उष्ण हवेत पाण्याची वाफ त्याच्या साखळ्या तोडते. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात ते यामुळे. बॅग कमी वापरली म्हणून हे टळत नाही. कपाटात बंद ठेवलेली बॅगही सोलते, कधीकधी वापरातल्या बॅगेच्या आधी. सोलायला लागल्यावर पॉलिश, गोंद, तेल कशाचाही उपयोग नाही.

पीव्हीसीचं जुनं जाड रेक्झिन असं सोलत नाही. त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, मग ते आधी चिकट आणि पुढे कडक होऊन घडीवर तडकतं. दिसायला सामान्य, पण कमी पैशांत पावसाळी वापरासाठी घ्यायचंच असेल तर मी पीयूऐवजी तेच सुचवीन.

खऱ्या चामड्याबद्दल ‘दोन सुया’ यांनी लिहावं. त्यांचा हात त्यात जास्त बसलेला आहे.

---

दोन सुया

लिहितो. एका कातड्यातून यंत्रावर आडवे थर काढतात. सर्वांत वरचा थर, ज्यावर केसांची रंध्रं असतात, तिथे तंतू सर्वांत घट्ट विणलेले असतात. हा थर न घासता ठेवला तर ‘फुल ग्रेन’. डाग-ओरखडे काढायला वरून हलका घासला तर ‘टॉप ग्रेन’. जास्त घासून, रंगाचा जाड थर देऊन त्यावर नकली दाणा उठवला तर ‘करेक्टेड ग्रेन’. खालचा सैल थर म्हणजे ‘स्प्लिट’. त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवून तोही चामडं म्हणून विकला जातो, आणि कायद्याच्या भाषेत तो चामडं असतोही. चुरा आणि गोंद यांचा लगदा थापून केलेलं ते ‘बाँडेड’. ते रेक्झिनच समजा.

पाकिटावरच्या ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरून थर कोणता ते कळत नाही. शिक्का वाचून पैसे देऊ नका.

आता कमावण्याची पद्धत. जगातलं बहुतेक चामडं क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असतं: मऊ, रंग टिकणारं, पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारं. झाडांच्या सालीने कमावलेलं चामडं घट्ट असतं, त्याच्या कडा घोटता येतात आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. आपल्या शेजारीच त्याची परंपरा आहे. कोल्हापुरी वहाणांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात (या वहाणांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून). तमिळनाडूत पूर्वी तरवडाची साल वापरत.

हौशी मंडळींत सालीच्या चामड्याचं कौतुक फार. गोव्यात मात्र ते डोळे मिटून घेऊ नये. ते ओलावा जास्त ओढतं, बुरशी लवकर धरतं, आणि वर लेप नसेल तर पावसाचा प्रत्येक थेंब डाग सोडतो. माझं मत: पाकीट आणि कमरपट्टा सालीच्या चामड्याचा, कारण ते रोज हातात फिरतात आणि त्यांना वारा लागतो. पावसात नेण्याची बॅग क्रोमच्या चामड्याची किंवा कॅनव्हासची.

जाडी मिलिमीटरमध्ये विचारा:

पाकिटाचा बाहेरचा भाग १.० ते १.२
कार्डांचे कप्पे ०.६ ते ०.८
बॅगेचं अंग १.८ ते २.२
खांद्याचा पट्टा एकेरी असेल तर ३ ते ३.५

काही विक्रेते औंसात सांगतात. चामड्याचा १ औंस म्हणजे जवळपास ०.४ मिमी, म्हणजे ५ औंस हे २ मिमी. बॅगेचं अंग १.२ मिमीचं असूनही हाताला जाड लागत असेल तर आत फोम किंवा पुठ्ठा आहे. पुठ्ठा असेल तर पहिल्याच पावसात तळ फुगतो.

---

शुक्रवारचा बाजार

म्हापशात किंवा पणजीच्या १८ जून रस्त्यावर दुकानात उभं राहून पाच मिनिटांत हे सगळं कसं ओळखायचं? विक्रेता लायटर काढून जाळून दाखवतो, ते पुरेसं आहे का?

---

कुळागर

नाही. जळल्या केसांचा वास बाँडेडलाही येतो, कारण त्यात चामड्याचा चुरा असतोच. शिवाय खऱ्या चामड्यावरचा लेपही चटका लागल्यावर थोडा काळवंडतो. लायटर हा खेळ आहे.

कापलेली कड शोधा. खिशाच्या आत, पट्ट्याच्या टोकाला, बक्कलच्या भोकाशी कुठेतरी ती उघडी असते. तंतू दिसले तर चामडं. कापडाचे धागे आणि वर सरळ रेषेत वेगळा थर दिसला तर रेक्झिन. सगळ्या कडा दुमडलेल्या किंवा रंगाने बुजवलेल्या असतील तर कप्पा उलटून पाहा.

मग घडी घाला. चांगल्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर विरतात. स्प्लिटवर किंवा नकली दाण्यावर एकच मोठी, कडक, चकचकीत घडी पडते. दाण्याचा नमुना दर काही इंचांनी हुबेहूब तोच येत असेल तर तो साचा आहे.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा अर्धीच खरी. थेंब शोषला आणि डाग गडद झाला तर चामडं आहे आणि वर लेप नाही. शोषला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण लेप दिलेलं अस्सल चामडंही थेंब घेत नाही.

रंग उतरतो का ते पाहायला ओलसर पांढरा रुमाल दहा-पंधरा वेळा घासा. गडद निळा आणि लाल यांत ही अडचण जास्त. पांढऱ्या पँटवर बॅग टेकवणाऱ्यांनी हे नक्की करावं.

नाकही वापरा. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत राजस्थानी पद्धतीच्या तपकिरी शेळीच्या चामड्याच्या झोळ्या मिळतात. दिसायला झकास. काहींना मात्र उग्र वास असतो, तो कमावताना आतली चरबी नीट न काढल्याचा. विक्रेता म्हणतो, उन्हात ठेवा, जाईल. उन्हात दबतो, पावसाळ्यात परत येतो.

---

तारवटी

बोटीवर जाणाऱ्यांसाठी विचारतो. रुपये, डॉलर आणि युरो तिन्ही सरळ राहतील असं घडीचं पाकीट किती मापाचं असावं? दुकानातली काही उगाचच उंच वाटतात, तर काहींतून नोटा डोकावतात.

---

दोन सुया

उंच वाटणारी बहुतेक जुन्या नोटांच्या मापावर कापलेली असतात. २०१६पूर्वीची पाचशेची नोट ७३ मिमी उंच होती. आताची १५० × ६६. शंभरची १४२ × ६६, दोनशेची १४६ × ६६. डॉलरची प्रत्येक नोट सुमारे १५६ × ६६. अडचण युरोची: पन्नास, शंभर आणि दोनशेच्या नोटा ७७ मिमी उंच आहेत.

म्हणजे रुपये-डॉलरसाठी नोटांच्या कप्प्याची आतली उंची ७४–७६ पुरते. युरोसाठी ८५ धरा.

पण पाकिटाची खरी उंची कार्डांवर ठरते. कार्ड ८५.६ × ५३.९८ मिमी, जाडी ०.७६. लायसन्स आणि आरसीचं स्मार्ट कार्डही याच मापाचं. खालची शिवण ४ मिमी, पहिलं कार्ड ५४, आणि मागचं प्रत्येक कार्ड ११ मिमी वर सरकलेलं. तीन कप्प्यांना ४ + ५४ + २२ = ८० मिमी लागतात, चौथा वाढवला की ९१. दोन्ही बाजूंना तीन-तीन कप्पे केले की सहा कार्डं आणि ८४–८५ मिमीचं सुबक पाकीट. चौथ्या कप्प्याचा हट्ट धरला की ते शर्टाच्या खिशातून डोकावतं.

रुंदी: कार्ड ८६, कार्डाच्या जाडीसाठी मोकळीक ३–४, दोन्हीकडच्या शिवणी मिळून ७–८. म्हणजे एक बाजू ९६–९८ आणि उघडं पाकीट २०० ते २०५. बाहेरचा तुकडा आतल्यापेक्षा ५–६ मिमी लांब हवा. दोन्ही सारखे कापले तर घडी मिटत नाही आणि आतलं चामडं मध्ये गोळा होतं. उघडून सपाट ठेवल्यावर बाहेरच्या तुकड्याला मध्ये किंचित फुगवटा दिसला, तर कापणाऱ्याला काम येतं.

जाडपणा शिवणीत साठतो. आतले पाच थर ०.७ऐवजी १.१ मिमीचे घेतले तर एका बाजूला २ मिमी वाढतात, मिटल्यावर ४. म्हणून मधल्या कप्प्यांचे तुकडे इंग्रजी टी-च्या आकाराचे कापतात: वर पूर्ण रुंदी, खाली दोन्ही बाजूंनी आत घेतलेला देठ. मग बाजूच्या शिवणीत सगळे थर एकावर एक येत नाहीत. कार्डाच्या कप्प्यात बोट घालून पाहा. प्रत्येक कप्प्याचं चामडं थेट तळापर्यंत गेलेलं असेल तर ते पाकीट कार्डं भरल्यावर विटेएवढं होणार.

स्वतः करून पाहणाऱ्यांसाठी: या मापाला निव्वळ चामडं पाऊण वर्गफुटाच्या आत लागतं. डाग आणि कात्रण धरून एक वर्गफूट घ्या. बाहेरच्या भागासाठी कातड्याच्या पाठीकडचा तुकडा. पोटाकडचा ताणतो, आणि महिनाभरात कप्पे सैल पडतात.

अवांतर: मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास गाडी चालवली तर कुल्ल्याखालची नस दबून पाय बधिर होऊ शकतो. पुढच्या खिशात मावेल असं पातळ पाकीट हा फॅशनचा नाही, कमरेचा प्रश्न आहे.

---

अबोली

भावाच्या वाढदिवसाला पाकीट द्यायचं आहे. ‘आरएफआयडी प्रूफ’ (खिशातलं कार्ड बाहेरून रेडिओ लहरींनी वाचू न देणारं) असल्याचे जास्त पैसे मागतात. द्यावेत का?

---

पाटो पूल

अबोलीताई, त्यापायी जास्त मोजू नका. टॅप करून पैसे देण्याची कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांची पोहोच काही सेंटिमीटरच असते. खिशात दोन-तीन अशी कार्डं चिकटून असली की वाचणारं यंत्र बऱ्याचदा गोंधळतं. पिनशिवाय टॅपची मर्यादा २०२१च्या जानेवारीपासून ५००० रुपये आहे, आणि ही सोय बँकेच्या ॲपमधून बंदही करता येते. ‘प्रूफ’ पाकिटात अस्तराखाली धातूचा मुलामा दिलेलं कापड असतं, बस्स. ते घडीवर तुटलं की सळसळ आवाज करतं आणि बाहेरून कळत नाही.

मॅग्नेटच्या बटणाबद्दल मात्र जपा. कार्डाच्या चिपला काही होत नाही, पण हॉटेलच्या खोलीच्या चावीची साधी चुंबकपट्टी पुसली जाते. गोव्यात हॉटेलात काम करणारे कमी नाहीत, म्हणून सांगितलं.

---

खारी हवा

चामड्यावर एवढं लिहिलं, पण किनाऱ्यालगत बॅग आधी मरते ती धातूने. बक्कल, कड्या, रिव्हेट, चेन.

खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. चिकटला तर लोखंड. त्यावर निकेलचा कितीही चकाचक मुलामा असो, ओरखडा पडला की तांबडा गंज येतो आणि तो चामड्यात काळा डाग होऊन उतरतो. सालीच्या चामड्यात तर जास्तच, कारण सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की शाईच तयार होते. तो डाग निघत नाही.

चिकटला नाही तर ते पितळ, जस्ताची मिश्रधातू किंवा स्टेनलेस. बाजारात बहुतेक जस्ताची, साच्यात ओतलेली. न दिसणाऱ्या जागी टाचणीने खरवडा: आत पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्त. जस्ताच्या बक्कलवर मुलामा फुटला की पांढरी भुकटी येते, आणि ताण पडला की ती न वाकता काडकन तुटते. पितळ हिरवट-काळं पडतं, पण आतून शाबूत राहतं. चिंचेने घासलं की झालं. फक्त चिंच चामड्याला लागू देऊ नका. स्टेनलेस मिळालं तर ३०४ या प्रतीचं चालतं. रोजच समुद्राच्या तुषारांत काम असेल तर ३१६, त्यातलं मॉलिब्डेनम मिठाने पडणारे खड्डे रोखतं.

पट्ट्याच्या डी-कडीचा सांधा बघा. झाळलेला असावा. नुसती वाकवून टोकं टेकवलेली कडी लॅपटॉपच्या वजनाला उघडते.

चेनचा नंबर म्हणजे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी, ढोबळमानाने. पाकिटाला ३, आतल्या खिशाला ५, बॅगेच्या मुख्य तोंडाला ८ किंवा १०. मोठ्या बॅगेला ५ नंबर लावली असेल तर पैसे तिथे वाचवलेत हे समजा. आपल्या हवेत नायलॉनची वेटोळ्याची चेन सर्वांत निर्धास्त. ॲल्युमिनियमच्या दातांवर मीठ बसून पांढरी खर येते आणि रनर अडतो. पितळी चेन देखणी, पण महिन्यातून एकदा दातांवर मेणबत्ती फिरवावी. तेल घालू नका, त्यात रेती बसते.

---

घाटमार्ग

रोज स्कूटरवरून ऑफिसला जाणाऱ्यांसाठी कॅनव्हास आणि नायलॉनबद्दल थोडं.

कॅनव्हास ४०० ते ६०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) घ्या. त्याखाली लॅपटॉपच्या कोपऱ्यांनी भोकं पडतात. मेण दिलेलं कॅनव्हास पाऊस छान अडवतं, पण त्याचे दोन नियम आहेत: यंत्रात धुवायचं नाही आणि ओलं असताना घडी घालून ठेवायचं नाही. मे महिन्यात उभ्या गाडीत ते चिकट होतं आणि शर्टाला मेण लागतं. घडीच्या जागी पांढरट पडलं की वर्षातून एकदा मेणाची वडी घासून हेअर ड्रायरने जिरवायची.

नायलॉनला १००० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) भरपूर झालं. फसवणूक असते ती आतल्या बाजूला. पाणी अडवायला आतून जो पीयूचा लेप देतात तो वर कुळागर यांनी सांगितलेल्या कारणानेच काही वर्षांनी चिकट होतो आणि पांढरे कण सांडू लागतात. बाहेरून बॅग नवीकोरी, आत लॅपटॉपवर कोंडा. दुकानात आत हात घालून अस्तर वेगळं शिवलेलं आहे का पाहा. वेगळं असेल तर निदान कोंडा आत येत नाही.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. कापड पाणी अडवतं, शिवणीतली सुईची भोकं अडवत नाहीत. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर गोव्याच्या पावसात वीस मिनिटांत पाणी आत. बाहेरून रेनकव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी शिरतंच. लॅपटॉपला आतच गुंडाळी तोंडाची कोरडी पिशवी घालणं जास्त खात्रीचं.

मापं: १४ इंची लॅपटॉप साधारण ३२ × २२ सेंमी, १५.६ इंची ३६ × २५. कप्पा प्रत्येक बाजूने दीड-दोन सेंमी मोठा हवा, आणि लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापासून दोन सेंमी वर संपलेला हवा. नाहीतर बॅग फरशीवर ठेवली की सगळा दणका लॅपटॉपला. पट्टा ३८ मिमी रुंद. २५ मिमीचा पट्टा वजनाने खांद्यात रुततो. पट्टा अंगाला जोडलाय तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असावी, मागे जोडचामडं असावं. नुसत्या दोन टोपीच्या पोकळ रिव्हेटवर लटकलेला पट्टा आज ना उद्या चामडं फाडून बाहेर येतो.

चामड्याची बॅग डिकीत ठेवू नये. खाली इंजिन, वर ऊन. आत ओलं चामडं असेल तर ते आक्रसून कडक होतं आणि परत मऊ होत नाही.

---

नारळाचं झाड

एवढी चिंता कशाला? खोबरेल तेल चोळायचं, आमच्या आजोबांच्या वहाणा वीस वर्षं टिकल्या.

---

दोन सुया

वहाणा रोज पायात होत्या, वाऱ्यावर होत्या, म्हणून टिकल्या. बंद कपाटातल्या बॅगेला खोबरेल लावलं तर ते खवट होतं, चामडं गडद आणि लिबलिबीत करतं, आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. मेणयुक्त लेदर क्रीम वाटाण्याएवढं, पूर्ण पाकिटाला तेवढं पुरे. वर्षातून दोनदा: मेअखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर. बोटाला तेलकट लागत असेल तर जास्त झालं.

---

अबोली

चवथीच्या सुमारास कपाट उघडलं की बॅगांवर पांढरं आलेलं असतं. ते नेमकं काय आणि काढायचं कसं?

---

कुळागर

ताई, पांढरं म्हणजे बुरशीच असं नाही. तीन गोष्टी सारख्या दिसतात.

हेअर ड्रायर लांबून, मंद आचेवर फिरवा. पांढरं वितळून नाहीसं झालं तर ती चामड्यातली चरबी किंवा मेण वर आलेलं आहे. मऊ कापडाने पुसा, बाकी काही करू नका. वितळलं नाही, पण ओल्या फडक्याने गेलं आणि वाळल्यावर तसंच परत उमटलं तर ते क्षार आहेत. वितळलं नाही, केसाळ दिसतं, वास कुबट आहे, ठिपक्यांनी पसरलंय, तर बुरशी.

बुरशी घरात झटकू नका, बीजाणू बाकीच्या बॅगांवर बसतात. बाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. अस्तर उलटं करून तेही. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून कापड त्यात बुडवून घट्ट पिळा आणि संपूर्ण पृष्ठभाग पुसा, फक्त डाग नाही. आधी तळाला कोपऱ्यात लावून पाहा, काही रंग उतरतात. शिवणीच्या रेषा जुन्या टूथब्रशने. नंतर दीड-दोन दिवस सावलीत पंख्याखाली, तोंड उघडं ठेवून. कडक उन्हात ठेवलं तर बुरशी मरेल, पण चामडं तडकेल. पूर्ण वाळल्यावरच क्रीम. आठवड्याने परत पाहा, मुळं शिवणीत राहिली असतील तर तिथूनच उगवते.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, आत कागद भरून, भिंतीपासून चार बोटं दूर. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते, कोरा कागद घ्या. सिलिका जेल वापरायचं तर बॅगेसोबत येणारी पाच ग्रॅमची पुडी शोभेची आहे. झाकणाच्या घट्ट डब्यात एका बॅगेमागे १०० ग्रॅम. नारंगी दाणे हिरवे झाले की सुटे दाणे ट्रेमध्ये पसरून ११०–१२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये. उघड्या कपाटात सिलिका ठेवणं म्हणजे अख्ख्या गोव्याची हवा सुकवायला निघणं.

कपाटात टांगायचे पाणी जमणारे डबे बॅगांच्या वर ठेवू नका. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते पाणी चामड्यावर सांडलं तर ती जागा आक्रसून कडक होते, आणि त्याला उपाय नाही.

---

शुक्रवारचा बाजार

+१. हा प्रतिसाद मे महिन्यात वर आणायला हवा. आता शिलाईवर कोणी बोलेल का? ‘हँड स्टिच’चे दुप्पट पैसे वाजवी आहेत का?

---

दोन सुया

खरी हाताची असेल तर वाजवी. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा भोकाच्या मध्यात एकमेकांत अडकतात. एक झिजून तुटला की शेजारचे टाके सैल होत जातात. दोन सुयांच्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

ओळख: हाताचा टाका किंचित तिरका पडतो, आणि सुरुवातीला किंवा शेवटी दोन-तीन टाके एकावर एक दिसतात. मशीनचा बहुधा सरळ रेषेत. तरी मशीनला कमी लेखू नका. जाड बाँडेड (तंतू लेपाने एकत्र धरलेल्या) नायलॉनच्या दोऱ्याची, ताण बरोबर असलेली मशीनची शिवण हाताच्या ढिल्या शिवणीपेक्षा कधीही बरी.

टाक्यांची घनता: पाकिटाला इंचाला ८ ते ९ (भोकांतलं अंतर ३ मिमीच्या आसपास), बॅगेला ५ ते ७. जास्त दाट म्हणजे जास्त मजबूत असं नाही. फार जवळ भोकं पाडली की चामडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. कडेपासून शिवण पाकिटावर ३ मिमी, बॅगेवर ४–५.

दोरा मेण लावलेला पॉलिएस्टर, पाकिटाला ०.५–०.६ मिमी, बॅगेला ०.८. सुती दोरा गोव्यात कुजतो. हाताने शिवायला शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या. थर जाड असतील तर साडेचारपट. दुसरी सुई भोकात घालताना पहिल्या दोऱ्याला टोचू देऊ नका. टोचला की टाका ओढला जात नाही आणि पुढे तिथेच तुटतो. पहिला दोरा जरा मागे ओढून धरला की चुकत नाही. शेवटी तीन टाके उलट, दोरा २ मिमी ठेवून कापायचा, लायटरने वितळवून दाबायचा.

कडा: सालीचं चामडं असेल तर धार तासून २२०, ४००, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, ट्रॅगाकँथ डिंकाचं बोट फिरवायचं आणि लाकडी दांडीने चकाकी येईपर्यंत घोटायची, वर मधमाशीचं मेण. क्रोमचं चामडं घोटलं जात नाही, त्याच्या कडा दुमडाव्या किंवा रंगवाव्या लागतात. रंग एका जाड हातात दिला असेल तर तो घडीवर रबरासारखा सोलून निघतो. पातळ तीन-चार हात, मध्ये घासून, असाच टिकतो. दुकानात पाकीट उघडा आणि घडीच्या जागची कड पाहा. तिथे आत्ताच बारीक चीर दिसत असेल तर ठेवून द्या.

दुरुस्तीला कोपऱ्यावरचा चर्मकार उत्तम, फक्त तीन गोष्टी सांगा: जुन्याच भोकांतून शिवा, दोरा पॉलिएस्टरचा लावा, आणि सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं वाळू द्या, मग चिकटवा. नवी भोकं पाडली की जुनी-नवी मिळून कड कमजोर होते. आपल्या आरीने आणि रापीने ही माणसं जे करतात ते मॉलमधल्या काउंटरवर होत नाही.

---

तारवटी

मापांसाठी देव बरें करूं, दोनसुयाबाब. एक राहिलं: बॅगेची चेन ओढली की मागून उघडत जाते. पूर्ण चेन बदलावी लागेल?

---

खारी हवा

दात शाबूत असतील तर नाही. रनरच्या दोन पट्ट्या झिजून फाकल्या की असं होतं. पक्कडने रनरच्या मागच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबा. एकदम जोर लावला तर तो मोडतो, जस्ताचाच असतो. त्याने काही महिने निघतील. मग नुसता रनर बदला. जुन्या रनरच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, आणि वेटोळ्याच्या चेनचा रनर धातूच्या दातांना बसत नाही, तेव्हा दुकानात जाताना जुना काढून सोबत न्या. चेनच्या टोकाची शिवण दोन सेंमी उसवायची, रनर दोन्ही बाजूंनी सारखा चढवायचा आणि परत शिवायचं. एक दात जरी मागे-पुढे झाला तरी चेन वाकडी बंद होते, म्हणून शिवण्याआधी एकदा पूर्ण ओढून पाहा.